गोगलगायीच्या पाचकग्रंथीत काय लिहिलेलं असतं

जुलैचा पहिला सलग पाऊस झाला की आमच्या मोशीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फोटो येतोच. पार्किंगच्या भिंतीला, कुंडीच्या बुडाशी किंवा चपलांच्या स्टँडखाली चिकटलेला बोटभर लांबीचा काळपट जीव, अंग चामड्यासारखं, पाठीवर मधोमध एक फिकट रेघ. त्याखाली ठरलेले निरोप: 'जळू आहे का ही?', 'घर टाकून आलेली गोगलगाय आहे', 'मीठ टाका, विरघळते.' यंदा एका शेजाऱ्यांनी लिहिलं, 'समुद्रातली दिसते, टँकरच्या पाण्यातून आली असेल.'

मी चाकणच्या एका गिअर कारखान्यात मेटॅलर्जी लॅब सांभाळतो. भट्टीतून आलेला जॉब कापायचा, बेकलाइटमध्ये माउंट करायचा, एमरी पेपरच्या एकेका ग्रेडवर घासत न्यायचा, आरशासारखा झाला की नायटल या आम्लाच्या द्रावात काही सेकंद बुडवायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. बावीस वर्षं हेच काम करतोय. त्यातून एक गोष्ट अंगात मुरली आहे. सर्टिफिकेटवर काहीही छापलेलं असो, जॉब काय भोगून आला ते त्याचं स्ट्रक्चर सांगतं. तापमान चढलं असेल तर ग्रेन फुगलेले दिसतात, क्वेंचिंग मंद झालं असेल तर जिथे मार्टेन्साइट हवं तिथे भलतंच काहीतरी बसलेलं दिसतं.

गोगलगायींकडे मी वळलो तो भाचीमुळे. ती पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या विभागात जुन्या स्लाइडची एक लाकडी पेटी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयांतलं प्राण्यांचं विच्छेदन बंद केलं, तेव्हापासून अशा पेट्यांचं मोल वाढलं आहे. त्या पेटीत एक स्लाइड आहे समुद्री सशाच्या, म्हणजे अ‍ॅप्लिसिया या मोठ्या समुद्री गोगलगायीच्या पाचकग्रंथीची. "मामा, तुमच्या लॅबमध्ये बघायची का?" असं तिने विचारलं, तेव्हा मला नाही म्हणावं लागलं. धातूतून उजेड आरपार जात नाही, म्हणून आमच्या मायक्रोस्कोपचा दिवा वरून प्रकाश टाकतो. तिच्या कापाला उजेड खालून लागतो. मग एका गुरुवारी, आमच्या एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, मीच तिच्या विभागात गेलो. त्या दिवशी जे पाहिलं आणि त्यानंतर तिच्याकडून जे शिकलो, त्यामुळे ग्रुपवरच्या निरोपांना एका ओळीत उत्तर देणं मला जमेना.

'घर टाकून आलेली गोगलगाय'

भिंतीवरची ती गोगलगाय बहुतेक वेळा लेव्हिकॉलिस आल्टे असते. मूळची आफ्रिकेची, आता आपल्याकडच्या बागांमध्ये रुळलेली. ती जमिनीवरची, हवेत श्वास घेणारी आहे. समुद्राशी तिचा संबंध नाही आणि टँकरशीही नाही. तिने शंख कुठेही टाकलेला नसतो. शंखाच्या गोगलगायीच्या अंगातून शंख ओढून काढला तर ती मरते, कारण शंख तिच्या शरीराला स्नायूने जोडलेला असतो आणि अर्धं पोट त्याच्या आतच असतं. बिनशंखी गोगलगायींच्या पूर्वजांचा शंख असंख्य पिढ्यांत लहान होत होत नाहीसा झाला.

समुद्री गोगलगायींच्या बाबतीत मात्र हा गैरसमज अर्धा खरा ठरतो. न्यूडिब्रँक म्हणतात त्या रंगीबेरंगी समुद्री गोगलगायी अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या पाण्यात तरंगणाऱ्या अळीला इवलासा शंख असतो. अळी तळाशी टेकते, तिचं रूपांतर होतं आणि त्या वेळी ती शंख खरोखरच टाकून देते.

पाचकग्रंथीची गोष्ट इथूनच सुरू होते. शंखाच्या गोगलगायीत ही ग्रंथी पिळाच्या अगदी शेंड्यात, वेटोळ्यात भरलेली असते. शंख गेला की वेटोळं गेलं. मग या मोठ्या, मऊ अवयवाने राहायचं कुठे? डोरिड नावाच्या समुद्री गोगलगायींनी तो पोटातच एका गोळ्यात ठेवला. इओलिड गटाने त्याच्या फांद्या पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांमध्ये नेल्या. एलिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीने तो अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पानासारख्या पडद्यांत शिरांसारखा पसरवला. एकच अवयव, पण घर गेल्यावर प्रत्येकीने त्याची मांडणी वेगळी केली, आणि पुढे तिच्या जगण्याची जी तऱ्हा झाली ती या मांडणीवर उभी राहिली.

'आत काय असणार, नुसता लिबलिबीत गोळा'

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला तेव्हा माझ्याही मनात याहून वेगळं काही नव्हतं. लहान भिंगाखाली आधी दिसली ती जाळी. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, पण खणांचे आकार ओबडधोबड, काही गोल, काही लांबट. भाची म्हणाली, "या नळ्या आहेत. शेवयांची जुडी आडवी कापली तर तोंडं दिसतील ना, तसं." पाचकग्रंथी म्हणजे टोकाशी बंद असलेल्या असंख्य बारीक नलिकांचा गुच्छ. नलिका एकमेकींना मिळत मिळत मोठ्या होतात आणि शेवटी जठरात उघडतात. दोन नलिकांच्या मध्ये सैलसर संयोजी ऊतक आणि त्यातून वाहणारं रक्त.

भिंग बदललं. आता एकाच नलिकेचं तोंड पूर्ण दृष्टीत आलं. मधली पोकळी चांदणीसारखी, वेड्यावाकड्या कोपऱ्यांची. तिच्याभोवती उंच, खांबांसारख्या पेशी दाटीने उभ्या. त्या गुलाबी दिसत होत्या आणि त्यांच्या पोटात पिवळट-तपकिरी कणांनी भरलेल्या पोकळ्या होत्या. या पाचक पेशी. अधूनमधून दोन खांबांच्या मध्ये पाया रुंद आणि डोकं अरुंद अशी त्रिकोणी पेशी, गडद निळी, आत मोठं केंद्रक. हिला बेसोफिलिक पेशी म्हणतात. ती निळी दिसते कारण तिच्यात प्रथिनं तयार करणारी यंत्रणा खच्चून भरलेली असते आणि निळा रंग त्या यंत्रणेतल्या आरएनएला धरतो. काही जातींमध्ये तिसरा प्रकारही आढळतो, मोठ्या फुग्यासारख्या पोकळ्या असलेल्या पेशी.

आमच्याकडे सात नंबरचा ग्रेन म्हणजे साधारण ३२ मायक्रॉन. या पाचक पेशींची उंची त्याच हिशेबातली निघाली, म्हणजे रोज ज्या मापाचं बघतो त्याच मापाचं काहीतरी मी बघत होतो. फरक एवढाच की माझे ग्रेन थंड होऊन थिजलेले असतात. इथे प्रत्येक पेशी कापली गेली त्या क्षणी काहीतरी करत होती. एक नुकतीच भरलेली, एक अर्धी रिकामी, तर एकीचा माथा तुटून पोकळीत चाललेला.

'पाचकग्रंथी म्हणजे तिचं यकृत'

जुन्या पाठ्यपुस्तकांत तिला यकृत-स्वादुपिंड म्हटलेलं आहे, आणि या नावाने बराच घोळ करून ठेवलाय. आपल्या यकृतात अन्नाचा कण कधीच शिरत नाही. यकृत पित्त तयार करून आतड्यात सोडतं आणि आतड्यातून रक्तात गेलेलं जे काही येईल त्यावर प्रक्रिया करतं. पचन होतं ते आतड्याच्या पोकळीत, पेशींच्या बाहेर.

गोगलगायीत उलट आहे. जठरात बारीक झालेलं अन्न नलिकांमधून थेट ग्रंथीच्या आत येतं. निळ्या पेशींनी सोडलेले विकर पोकळीत थोडं काम करतात. पण खरं पचन व्हायचं ते पाचक पेशीच्या आत होतं. पेशीचा वरचा काठ आत दुमडतो, कण गिळतो, त्याची एक पोकळी बनते, त्या पोकळीत विकर ओतले जातात. लागेल ते पेशी ठेवून घेते. ग्लायकोजेन आणि मेद इथेच साठतात. न पचलेलं ते पिवळट-तपकिरी दाण्यांच्या रूपात मागे उरतं आणि शेवटी पेशीचा माथाच त्या दाण्यांसह तुटून विष्ठेच्या वाटेने बाहेर जातो. स्राव, शोषण, पचन, साठवण, उत्सर्जन ही पाचही कामं एका भिंतीतल्या शेजारी-शेजारी पेशी करतात. आपल्याकडे यासाठी यकृत, स्वादुपिंड आणि आतडं असे वेगवेगळे अवयव लागतात.

या रचनेतून एक सावधगिरीही शिकायला मिळते. भाचीने दोन स्लाइड शेजारी ठेवल्या, एक खाल्लेल्या प्राण्याची आणि एक उपाशी ठेवलेल्याची. उपाशी प्राण्याच्या पेशी बुटक्या, पोकळी रुंद, दाणे कमी. मी लगेच म्हणालो, हा आजारी दिसतोय. ती म्हणाली, "नाही मामा, भुकेला आहे." पुष्कळ मृदुकाय प्राण्यांत या पेशी जेवणाच्या वेळेनुसार आकार बदलतात. किनाऱ्यावरच्या शिंपल्यांमध्ये तर भरती-ओहोटीनुसार. एकाच कापात एक नलिका भरलेली आणि शेजारची रिकामी असू शकते. आमच्या लॅबमध्ये नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, एका फील्डवरून निकाल द्यायचा नाही. तोच नियम इथेही चालतो.

'स्लाइडवर दिसतात तेच खरे रंग'

नाही. ताज्या ग्रंथीचा रंग प्राण्याने खाल्लेल्या अन्नावर जातो. हिरवट, तपकिरी, कधी केशरी. स्लाइडवरचा निळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा आहे. तो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडाच्या गाभ्यातून मिळतो. गुलाबी रंग इओसिनचा. ऊतक आधी फॉर्मालिनसारख्या द्रवात पक्कं करतात, त्यातलं पाणी अल्कोहोलने काढतात, मग वितळलेल्या मेणात मुरवून वडी पाडतात. मायक्रोटोमवर या वडीचे ५ ते ७ मायक्रॉन जाडीचे काप निघतात. एकामागून एक काप चिकटत रिबीन तयार होते, ती कोमट पाण्यावर तरंगवतात आणि काचेवर अलगद उचलून घेतात. रंग दिला नाही तर जवळपास काहीच दिसत नाही. पॉलिश केलेला जॉब नायटलमध्ये बुडवण्याआधी नुसता आरसा असतो, तसंच हे.

'मीठ टाकलं की विरघळते'

विरघळत नाही. तिच्या ओल्या, पातळ त्वचेवर मिठाचा दाट द्राव तयार होतो आणि तो तिच्या शरीरातलं पाणी बाहेर ओढतो. ती वाचण्यासाठी चिकट स्राव सोडत राहते. जो फेस आपल्याला दिसतो तो हा स्राव. मरण लवकर येत नाही. भिंतीवरची गोगलगाय कागदावर घेऊन बागेत दूर सोडली तरी भागतं.

'ऊन खाऊन जगणारी, अर्धी वनस्पती'

हा गैरसमज सगळ्यात लाडका आहे, कारण तो सत्याच्या फार जवळून जातो.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीत एलिसिया क्लोरोटिका नावाची समुद्री गोगलगाय राहते. पूर्ण वाढली की अळवाच्या कोवळ्या पानासारखी दिसते, हिरवीगार, शिरा असलेली. लहानपणी मात्र ती तपकिरी असते आणि अंगावर लाल ठिपके असतात. व्हाउचेरिया नावाचं शेवाळ तिला सापडलं की ती त्याच्या धाग्यासारख्या पेशीला एकाच दाताने भोक पाडते आणि आतला रस शोषते. शेवाळातलं बाकी सगळं पचतं, पण हरितलवकं, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे कण, पाचक पेशी पचवत नाहीत. त्या ती आत ठेवून घेतात. पाचकग्रंथीच्या फांद्या सगळ्या अंगभर पसरलेल्या असल्यामुळे अंगच हिरवं होतं. तिच्या त्वचेत हिरवा रंग नसतोच. आपल्याला दिसतो तो पारदर्शक त्वचेखालच्या ग्रंथीचा हिरवेपणा.

हे कण शेवाळाचे आहेत हे आधी कुणाला माहीत नव्हतं. १९६५ मध्ये कावागुची आणि यामासू या जपानी शास्त्रज्ञांनी एलिसियाच्या एका जातीचे काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले आणि पेशींमधले हिरवे कण शेवाळाची हरितलवकं आहेत हे ओळखलं. एवढ्या लहान गोष्टीचा उलगडा काप पाहूनच झाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे प्रश्न असा आला की हरितलवक चालू ठेवायला लागणारी बरीचशी जनुकं शेवाळाच्या केंद्रकात असतात. ते केंद्रक तर पचून गेलं. मग ही कारखानदारी महिनोन्महिने चालते कशी? क्लोरोटिकात ही हरितलवकं नऊ-दहा महिन्यांपर्यंत टिकलेली पाहिली गेली आहेत. २००८ मध्ये मेरी रम्फो यांच्या गटाने मांडलं की शेवाळाचं एक जनुक गोगलगायीच्या स्वतःच्या डीएनएत आलेलं आहे. जगभर बातमी झाली: प्राण्याने वनस्पतीचं जनुक चोरलं. आजही शाळेतल्या मुलांपर्यंत ती याच रूपात पोहोचते. पण २०१३ मध्ये या गोगलगायीच्या अंड्यांचा डीएनए वाचला गेला, तेव्हा त्यात शेवाळाची जनुकं मिळाली नाहीत. अंड्यात नाहीत म्हणजे ती पुढच्या पिढीत जात नाहीत. आता भर दिला जातो तो हरितलवकाच्याच चिवटपणावर. व्हाउचेरियाच्या हरितलवकात स्वतःची डागडुजी करायला लागणारी काही जनुकं शिल्लक आहेत, जी इतर अनेक वनस्पतींच्या हरितलवकांनी गमावलेली आहेत.

२०१४ मध्ये आणखी एक तडा गेला. ग्रेगोर क्रिस्टा आणि सहकाऱ्यांनी अशा दोन जातींच्या गोगलगायी काहींना उजेडात, काहींना अंधारात, अन्नाविना ठेवल्या. अंधारातल्याही कित्येक महिने जगल्या. सूर्यप्रकाश हेच त्यांचं जेवण असतं तर हे घडलं नसतं. पुढे २०२१ मध्ये एलिसिया टिमिडावरच्या कामातून दिसलं की हरितलवकांत पकडलेला कार्बन आणि नायट्रोजन जननेंद्रियांपर्यंत पोहोचतो आणि उजेडात ठेवलेल्या गोगलगायी अंडी जास्त घालतात. म्हणजे ऊन हा तिचा पोटभर आहार नसला तरी त्याची जोड तिला नक्की मिळते.

२०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आलेलं कोरी अ‍ॅलार्ड, निकोलस बेलोनो आणि सहकाऱ्यांचं काम मला सगळ्यात जवळचं वाटलं. एलिसिया क्रिस्पाटाच्या पाचक पेशींत हरितलवकं नुसती पडून नसतात, त्यांना गोगलगायीच्या स्वतःच्या पटलाने वेढलेलं असतं. त्या कप्प्याला त्यांनी 'क्लेप्टोसोम' नाव दिलं. कप्पा आतलं वातावरण सांभाळून हरितलवकं चालू ठेवतो. आणि गोगलगाय फार दिवस उपाशी राहिली की तीच हरितलवकं पचवायला घेते, मग तिचा हिरवा रंग जाऊन केशरी छटा येते. पाचक पेशीचं काम पचवणंच आहे, तिने ते फक्त लांबणीवर टाकलेलं असतं. आपण कणगीतलं धान्य जपतो आणि दुष्काळात कणगी उघडतो, तसा हा व्यवहार. 'अर्धी वनस्पती' यापेक्षा हे सत्य जास्त सुंदर आहे असं मला मनापासून वाटतं.

याच गटातल्या एलिसिया मार्जिनाटाने २०२१ मध्ये जपानमधल्या नारा इथल्या मितो आणि युसा यांना चकित केलं. ती आपलं डोकं धडापासून वेगळं करते. डोकं फिरत राहतं, काही तासांत शेवाळ खायला लागतं आणि सुमारे तीन आठवड्यांत हृदयासकट नवं धड तयार करतं. धडाशिवायचं डोकं खाल्लेलं पचवणार कुठे? पाचकग्रंथीच्या फांद्या डोक्यातही असतात, तिथे.

'तिचा डंख तिचाच'

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. समुद्री गोगलगायी फक्त लक्षद्वीपच्या प्रवाळांत असतात असं पुष्कळांना वाटतं. मुंबईत ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या खडकांवर त्या दिसतात आणि २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातली मंडळी लोकांना तिथे नेऊन त्या दाखवत आली आहेत. दीपक आपटे आणि विशाल भावे यांनी कच्छच्या आखातापासून लक्षद्वीपपर्यंतच्या समुद्री गोगलगायींच्या याद्या तयार केल्या. २०२० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरून क्रॅटेना वंशाच्या दोन नव्या जातींचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यातल्या एकीचं नाव क्रॅटेना पवारशिंदेओरम. लॅटिन शेपटी लागलेली आपली दोन आडनावं वाचून मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही.

क्रॅटेना इओलिड गटातली. तिच्या पाठीवर बोटांसारखे उंचवटे ओळीने असतात. प्रत्येक बोटात पाचकग्रंथीची एक फांदी शिरलेली असते आणि बोटाच्या टोकाशी एक छोटी थैली. ही गोगलगाय हायड्रॉइड खाते. हे झुडपासारखे दिसणारे प्राणी जेलीफिशचे नातेवाईक आणि त्यांच्यासारखेच डंख मारणारे. त्यांच्या डंखाच्या कुप्या म्हणजे दाबाखाली गुंडाळून ठेवलेल्या सुया. खाताना त्यातल्या काही फुटतात, पण काही न फुटता जठरातून ग्रंथीच्या फांदीत आणि तिथून टोकाच्या थैलीत पोहोचतात. थैलीतल्या पेशी त्या गिळतात आणि पचवण्याऐवजी सांभाळून ठेवतात. माशाने बोट तोंडात धरलं की थैली दाबली जाते आणि उसन्या सुया उडतात.

एके काळी प्राणिशास्त्रज्ञांनाही या कुप्या गोगलगायीने स्वतः बनवलेल्या वाटत. १९०३ मध्ये ग्रॉव्हनर यांनी दाखवलं की कुप्यांची जात खाल्लेल्या भक्ष्याप्रमाणे बदलते, म्हणजे त्या भक्ष्याच्याच आहेत. पाचकग्रंथीच्या एका टोकाला असलेल्या पेशीने 'हे पचवायचं नाही' एवढंच ठरवलं आणि प्राण्याला शस्त्र मिळालं. एलिसियाने हेच हरितलवकाबाबत ठरवलं.

'तिसऱ्यांमधला काळा भाग म्हणजे माती'

आमच्या घरी पिंपरीच्या बाजारातून तिसऱ्या येतात तेव्हा दरवेळी कुणीतरी उकडलेल्या शिंपल्यातला हिरवट-काळा भाग सुरीने काढून टाकतं. तो माती नसतो. तिसरीला स्वच्छ पाण्यात ठेवलं की माती ती स्वतः बाहेर टाकते. उरतो तो गडद भाग म्हणजे तिची पाचकग्रंथी, आत अर्धवट पचलेल्या सूक्ष्म वनस्पतींसकट. गाळून खाणाऱ्या शिंपल्यात पाण्यातल्या विषारी शेवाळाची विषं आणि धातू साठायची मुख्य जागा हीच. उकळून जंतू मरतात, धातू जात नाहीत. काढून टाकणारी व्यक्ती बरोबर वागते, तिने दिलेलं कारण तेवढं चुकीचं असतं.

'गोगलगाय जिवंत आहे, म्हणजे नदी ठीक आहे'

हे मला चिंचवडच्या घाटावर एका भल्या माणसाने ऐकवलं, पवनेच्या काठच्या दगडाला चिकटलेले शंख दाखवत. आमच्या पट्ट्यातून पवना वाहते आणि दापोडीला मुळेला मिळते. मोशीच्या कडेने इंद्रायणी आळंदीकडे जाते आणि पुढे तुळापूरला भीमेला मिळते. आळंदीच्या घाटावरचा पांढरा फेस वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून येतोय. भोसरीपासून चाकणपर्यंत जस्त, निकेल आणि क्रोमचं प्लेटिंग करणारी दुकानं आहेत. आमचे बोल्ट आणि ब्रॅकेट तिथूनच चमकून येतात. त्यामुळे हा विषय मी परका मानू शकत नाही.

मुद्दा असा की फायसेला, लिम्निया, इंडोप्लॅनॉर्बिस या नदीतल्या गोगलगायी फुप्फुसाने श्वास घेतात. पृष्ठभागावर येऊन हवा भरून नेतात. इंडोप्लॅनॉर्बिसच्या रक्तात तर आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. पाण्यातला प्राणवायू संपत आला तरी या टिकतात. त्यांची गर्दी दिसणं हे चांगल्या पाण्याचं लक्षण नव्हे. कल्ल्यांनी श्वास घेणारे प्राणी निघून जातात आणि त्या उरतात, असंही घडतं.

आणि जिवंत राहणं म्हणजे काहीच न होणं नव्हे. धातू अन्नातून आणि पाण्यातून आत येतो तेव्हा तो साठतो पाचकग्रंथीत. तिथे मेटॅलोथायोनिन नावाचं गंधकाने समृद्ध छोटं प्रथिन त्याला पकडून ठेवतं. हे प्रथिन १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलं, कॅडमियमला चिकटलेलं. जमिनीवरच्या रोमन गोगलगायीत राइनहार्ड डालिंगर यांच्या गटाला १९९७ मध्ये दोन वेगळी मेटॅलोथायोनिनं मिळाली. एक कॅडमियम बांधून पाचकग्रंथीत अडकवणारं, दुसरं रक्तासाठी लागणारं तांबं सांभाळणारं. विष आणि गरज यांचा हिशेब ती वेगळ्या वह्यांत ठेवते.

बंदोबस्ताला मर्यादा असते. धातू वाढत गेला की कापात ते दिसतं. पाचक पेशी बुटक्या होतात, पोकळ्या वाढतात, निळ्या पेशींचं प्रमाण चढतं, नलिकांचा पाया सुटतो, मधल्या जागेत रक्तातल्या पेशींची गर्दी होते. मराठवाड्यातल्या विद्यापीठात गोड्या पाण्यातल्या लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या शिंपल्याला वेगवेगळे धातू देऊन त्याच्या पाचकग्रंथीचे असे काप विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले आहेत. पाण्याचा नमुना त्या मिनिटाचा असतो. सकाळी सोडलेलं सांडपाणी दुपारी पुढे गेलेलं असतं आणि बाटलीत काही सापडत नाही. गोगलगाय मात्र त्या दगडावर महिनाभर बसलेली असते, आणि तिच्या ग्रंथीत त्या महिन्याची नोंद असते.

भाची आता तिच्या प्रकल्पासाठी मावळात, पवना धरणाच्या खालच्या बाजूला, वरच्या पाण्यातले शंख आधी गोळा करते आहे. गावांच्या, कारखान्यांच्या आणि प्लेटिंगच्या वर. तिला मी सांगितलं होतं, आमच्याकडे बिघडलेला जॉब तपासताना शेजारी चांगला जॉब लागतोच. तिच्या पहिल्या बारा स्लाइडवर डायमंड पेन्सिलने तारीख, ठिकाण आणि पाण्याचं तापमान कोरायचं काम गेल्या गुरुवारी मी केलं.